पायांनी जिंकलेले सामने

बॅडमिंटनचा दर्दी प्रेक्षक सहसा खेळाडूच्या मनगटाकडे बघतो. फूल रॅकेटजवळ येईपर्यंत थांबायचं आणि ऐन वेळी त्याची दिशा बदलायची, ही कला त्याला भुरळ घालते. आपल्याकडे तर या खेळाचं सगळं कौतुक मनगटाभोवतीच वाढलं. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये मलायातली सेलांगर स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकली. या दोघांचा खेळ पाहिलेली मंडळी आजही एकत्र जमली, की गप्पा हमखास नेटजवळच्या नाजूक फटक्यांवर येतात.

सायना नेहवालच्या बाबतीत असं होत नाही. तिचा एखादा फसवा ड्रॉप आठवून सांगा म्हटलं, तर तिचे कट्टर चाहतेही अडखळतील. त्यांना आठवतो तो तिसरा गेम. समोरची दमलेली असते आणि सायना अजून एकेक फूल उचलून परत पाठवत असते. तिच्या कारकिर्दीवरचं हे पुस्तक लिहायला घेतलं ते याच कोड्यामुळे. ज्या देशानं बॅडमिंटनमध्ये मनगटाची पूजा केली, त्या देशाला या खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक पायांच्या बळावर खेळणाऱ्या मुलीनं मिळवून दिलं. ते कसं, हे मला समजून घ्यायचं होतं.

कारकिर्दीचा ढोबळ आराखडा बहुतेकांना ठाऊक आहे. जन्म १७ मार्च १९९० चा, हरियाणातल्या हिसारचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली. एकेरीत तिथवर मजल मारणारी ती पहिली भारतीय स्त्री. २००९ मध्ये जकार्तात इंडोनेशिया ओपन जिंकून सुपर सीरिज विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली. २०१० मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण, २०१२ मध्ये लंडनला कांस्य, २०१५ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक आणि जागतिक स्पर्धेत रौप्य, २०१८ मध्ये पुन्हा राष्ट्रकुल सुवर्ण. खेलरत्न, पद्मश्री, पद्मभूषण हे मानसन्मान ओघानं आले. ही यादी कुठल्याही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मिळेल. ती वाचून सायना समजत नाही.

तिला समजून घ्यायचं, तर दुसरी एक यादी करावी लागते. २००९, जकार्ता: वांग लिनविरुद्ध १२-२१, २१-१८, २१-९. २०१०, दिल्ली राष्ट्रकुल: मलेशियाच्या वाँग म्यू चूविरुद्ध १९-२१, २३-२१, २१-१३. त्याच वर्षी हाँगकाँग: वांग शिशियानविरुद्ध १५-२१, २१-१६, २१-१७. २०१२, पुन्हा जकार्ता: ली श्वेरुईविरुद्ध १३-२१, २२-२०, २१-१९. २०१६, सिडनी: सुन यूविरुद्ध ११-२१, २१-१४, २१-१९. हे पाचही अंतिम सामने आहेत आणि पाचही वेळा सायनानं पहिला गेम गमावलेला आहे. काही वेळा तर तिचा पार धुव्वा उडालाय. ली श्वेरुई ही काही लेचीपेची खेळाडू नव्हती. जकार्तातल्या त्या पराभवानंतर दोन महिन्यांच्या आत तिनं लंडनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. अशा खेळाडूसमोर तेरा गुणांवर पहिला गेम हरल्यावर माणूस दुसऱ्या गेममध्ये काहीतरी वेगळं करून बघेल, एखादा नवा डाव काढेल. सायनाकडे असे डाव फारसे नव्हते. ती तेच खेळत राहायची, आणि तासाभरानं समोरचीचे फटके आखूड पडू लागायचे.

हे कसं घडतं ते कळण्यासाठी कोर्टाकडे जरा जवळून बघू. एकेरीत एका खेळाडूच्या वाट्याला ६.७० मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद एवढी जागा येते, म्हणजे मुंबईतल्या एखाद्या वन रूम किचनएवढी. एवढीशीच जागा, पण तिचे चारही कोपरे आणि दोन्ही बाजू एकटीनं सांभाळायच्या. खेळाडू मधोमध उभी असते. समोरचीची रॅकेट फुलाला लागताक्षणी ती जागच्या जागी छोटीशी उसळी घेते, दिशा ओळखते आणि दोन-तीन पावलांत कोपरा गाठते. पुढच्या कोपऱ्यात शेवटचं पाऊल लांब पडतं. टाच आधी टेकते, गुडघा वाकतो, धावत्या शरीराचा सगळा भार त्या एका पायावर येऊन थांबतो, आणि त्याच पायानं जमीन रेटून तिला उलट्या पावली मध्यावर यावं लागतं. याला लंज म्हणतात. उजव्या हातानं खेळणारी खेळाडू पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बहुधा उजवाच पाय टाकते. प्रेक्षकाच्या डोळ्यांना फटका दिसतो. त्याआधीची ती पावलं आणि नंतरची ती परतीची धाव टीव्हीच्या कॅमेऱ्यातही नीट येत नाही.

सायनाची उंची १.६५ मीटर. पी. व्ही. सिंधू १.७९ मीटर. जिथे सिंधू हात लांबवून फूल घेते तिथे सायनाला एक पाऊल जास्त टाकावं लागतं. शिवाय तिचा खेळ सरळ मार्गाचा होता. मागच्या रेषेपर्यंत खोल टॉस टाकायचा, समोरचीला तिथे अडकवून ठेवायचं, फूल आखूड आलं की रेषेवर किंवा अंगावर स्मॅश मारायचा. फसवाफसवी कमी, त्यामुळे समोरचीला तिचे बेत बरेचदा आधीच कळायचे आणि फूल परत यायचं. म्हणजे रॅली लांबणार, पुन्हा धावावं लागणार. या खेळात टिकायचं तर पाय आणि फुप्फुसं यांना पर्याय नाही.

हे पाय हैदराबादेत घडले. वडील हरवीर सिंग कृषिशास्त्रज्ञ. त्यांची बदली हैदराबादला झाली तेव्हा सायना आठ वर्षांची होती. आई उषा राणी स्वतः हरियाणाकडून बॅडमिंटन खेळलेल्या. नव्या शहरात तेलुगू येत नाही, ओळखीचं कोणी नाही, अशा अवस्थेत मुलीला लाल बहादूर स्टेडियमवर नानी प्रसाद यांच्याकडे घातलं. घर राजेंद्रनगरच्या बाजूला, स्टेडियम वीसेक किलोमीटरवर. पहाटे चारच्या सुमाराला उठायचं आणि वडिलांच्या स्कूटरवरून निघायचं. मुलगी पेंगून पडेल म्हणून काही काळ आईही मागे बसून तिला धरून ठेवायची. सराव झाला की शाळा, शाळा सुटली की पुन्हा सराव. रॅकेट, बूट, फुलं यांचा खर्च पगारात बसेना, तेव्हा वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. नानी प्रसाद यांच्यानंतर एस. एम. आरिफ यांनी आणि मग पुल्लेला गोपीचंद यांनी तिला घडवलं. गोपीचंद स्वतः २००१ चे ऑल इंग्लंड विजेते आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमधून सावरून त्या विजेतेपदापर्यंत पोहोचलेले. आपलं घर गहाण टाकून त्यांनी गचिबोवलीत अकादमी उभारली. तिथे सरावाचं परिमाण चीनचं होतं. कोर्टावरचे तास, कोर्टाबाहेरचं धावणं, वजनं, पुन्हा कोर्ट.

एक गोष्ट योगायोगानं तिच्या पथ्यावर पडली. २००६ मध्ये बॅडमिंटनची गुणपद्धत बदलली. तोवर स्त्रियांची एकेरी अकरा गुणांची असे आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. नव्या पद्धतीत गेम एकवीस गुणांचा झाला आणि सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. चूक झाली की गुण गेलाच, सर्व्हिस गमावून सुटका नाही. कमी चुका करणाऱ्या, रॅलीत चिकटून राहणाऱ्या खेळाडूला हे मानवणारं होतं. त्याच वर्षी सोळा वर्षांच्या सायनानं फिलिपाइन्स ओपन जिंकली. नियम बदलला म्हणून सायना घडली, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण तिचा खेळ आणि नवा नियम एकाच वेळी वयात आले, हे कारकीर्द वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

तिच्या आधीची वाटही विसरता येत नाही, आणि त्या वाटेचा बराच भाग महाराष्ट्रातून जातो. पुण्याच्या देवधर भगिनींनी, म्हणजे क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधरांच्या लेकींनी, चाळीसच्या दशकात राष्ट्रीय विजेतेपदं घरी आणली. सत्तरच्या दशकात मुंबईच्या अमी घिया आल्या. मग मुंबईचीच अपर्णा पोपट. तिनं १९९६ मध्ये जागतिक ज्युनिअर स्पर्धेत रौप्य मिळवलं आणि पुढे सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकून प्रकाश पदुकोण यांच्या विक्रमाची बरोबरी केली. देशात अपर्णाला तोड नव्हती, पण चीनच्या, डेन्मार्कच्या खेळाडूंपुढे ऑलिंपिक पदक हा फार लांबचा पल्ला वाटे. २००६ मध्ये मनगटाच्या दुखापतीनं तिनं निवृत्ती घेतली, आणि त्याच वर्षी सायनानं जागतिक ज्युनिअर स्पर्धेत रौप्य मिळवलं. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, ही स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली. सायनानं जपानच्या सायाका सातोला २१-९, २१-१८ असं हरवून सुवर्ण जिंकलं. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ब्रिटिश छावणीत ‘पूना’ या नावानं खेळल्या जाणाऱ्या या खेळाची पहिली भारतीय ज्युनिअर जगज्जेती पुण्यातच ठरावी, हे आपल्याला सुखावणारं आहे. पण या पुस्तकाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, ही मुलगी दोनच महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये मोठ्यांच्या ऑलिंपिकमधून परतली होती.

बीजिंगची ती उपांत्यपूर्व लढत मी पुस्तकात सविस्तर घेतली आहे, कारण तिथे सायना पायांनी हरली. आदल्या फेरीत तिनं चौथं मानांकन असलेल्या हाँगकाँगच्या वांग चेनला हरवलं होतं. समोर इंडोनेशियाची मारिया क्रिस्टिन युलियांती. पहिला गेम २८-२६ असा सायनानं ओढून घेतला, दुसरा १४-२१ गेला. तिसऱ्यात ११-३ अशी आघाडी होती. तिथून सामना १५-२१ असा निसटला. अठरा वर्षांच्या मुलीला आघाडी पेलवली नाही असं म्हणून हे सोडून देता येईल. पण गुण एकेक करून बघितले, तर दमल्यावर फटके कसे ढिले पडतात ते दिसतं. यानंतरच्या चार वर्षांत तिनं हाच सामना समोरच्यांना उलट्या बाजूनं खेळायला लावला.

दिल्लीचा राष्ट्रकुल अंतिम सामना त्याचाच दाखला. १४ ऑक्टोबर २०१०, सिरी फोर्ट. पहिला गेम गेलेला, दुसऱ्यात वाँग म्यू चूच्या हाती सामना संपवणारा गुण. तो वाचवून सायनानं गेम २३-२१ असा घेतला आणि तिसऱ्यात समोर फारसं कोणी उरलंच नव्हतं. ते भारताचं अडतिसावं सुवर्ण. त्या एका पदकानं भारत पदकतक्त्यात इंग्लंडला मागे टाकून दुसरा आला.

लंडनमध्ये उपांत्य फेरीतल्या चौघींपैकी तिघी चीनच्या होत्या आणि चौथी सायना. वांग यिहाननं तिला १३-२१, १३-२१ असं सहज हरवलं. कांस्यपदकाच्या लढतीत वांग शिन पहिला गेम २१-१८ जिंकली, पण तोवर तिचा गुडघा दुखावला होता. दुसऱ्या गेमच्या सुरुवातीलाच तिला खेळ सोडावा लागला. पदक सायनाला मिळालं. ‘फुकट मिळालं’ असंही तेव्हा काहींनी म्हणून घेतलं. मला ते पटत नाही. गुडघा हा या खेळाचा बाहेरचा भाग नाही. ज्या लांबलचक रॅलींनी सायनानं एवढी वर्षं जगाला दमवलं, त्या रॅलींचं बिल कोणाच्या ना कोणाच्या गुडघ्याच्या नावावर फाटतंच. त्या दिवशी ते वांग शिनच्या नावावर फाटलं.

पुढची दोन-तीन वर्षं या कारकिर्दीतली सर्वांत गुंतागुंतीची. २०१४ मध्ये सायना गोपीचंद यांची अकादमी सोडून बंगळुरूला विमल कुमार यांच्याकडे गेली. त्याच वर्षी तिनं चीनमध्ये जाऊन चायना ओपन जिंकली; अंतिम सामन्यात अकाने यामागुचीला २१-१२, २२-२० असं हरवलं. २०१५ मध्ये ती ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत पोहोचली. तिथवर पोहोचणारी ती पहिली भारतीय स्त्री. महिन्याभरात ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर आली. ऑगस्टमध्ये जकार्ताच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळालं. दोन्ही मोठे अंतिम सामने ती स्पेनच्या कॅरोलिना मरीनकडून हरली. डावखुरी मरीन सायनाइतकीच धावायची, आणि वर फटक्यांचा वेग होता. सायनाचं शस्त्र घेऊन कोणीतरी तिच्यावरच चाल करून आलं होतं.

मग रिओ. २०१६ मध्ये गटातच युक्रेनच्या मारिया उलितिनाकडून १८-२१, १९-२१ असा पराभव. क्रमवारीत कितीतरी खाली असलेल्या खेळाडूकडून ती हरली, कारण गुडघा साथ देत नव्हता. परतल्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. अनेकांनी तेव्हाच तिची कारकीर्द गुंडाळून ठेवली. पाचच महिन्यांनी, जानेवारी २०१७ मध्ये, तिनं मलेशिया मास्टर्स जिंकली. त्याच वर्षी ग्लासगोत जागतिक कांस्य मिळालं, आणि त्यानंतर ती गोपीचंद यांच्याकडे परतली.

नोव्हेंबरमध्ये नागपूरला राष्ट्रीय स्पर्धा होती. अंतिम सामन्यात समोर सिंधू, रिओची रौप्यविजेती, त्या घडीला देशातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू. सायना २१-१७, २७-२५ अशी जिंकली. २७-२५ हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. वीस-वीसच्या बरोबरीनंतर दोघींपैकी कोणीही दोन गुणांचं अंतर पाडू शकत नव्हती आणि एकेका गुणासाठी पुन्हा पुन्हा सगळं कोर्ट पालथं घालावं लागत होतं. शस्त्रक्रियेला सव्वा वर्ष झालेल्या गुडघ्यावर ती हे खेळत होती. पुढच्या वर्षी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल अंतिम सामन्यात सिंधूला तिनं पुन्हा २१-१८, २३-२१ असं हरवलं.

तिचं शेवटचं मोठं विजेतेपद जानेवारी २०१९ मधलं, जकार्ताच्या इंडोनेशिया मास्टर्सचं. अंतिम सामन्यात मरीन १०-४ अशी पुढे होती, आणि तिथेच मरीनचा गुडघा गेला. सायना विजेती ठरली. त्यानंतर दुखणी वाढत गेली, टोकियो ऑलिंपिकची पात्रता हुकली आणि संधिवातानं गुडघ्यांची काय अवस्था केली आहे, हे पुढे तिनं स्वतःच जाहीरपणे सांगितलं.

या पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. लंडननंतर आलेलं तिचं आत्मकथन ‘प्लेइंग टू विन’ आणि अमोल गुप्ते यांचा २०२१ मधला ‘सायना’ हा चित्रपट यांनी तिच्या घरची, जिद्दीची कहाणी लोकांपर्यंत नेली आहे. ती मी पुन्हा सांगत बसलेलो नाही. इथे प्रत्येक प्रकरण एका सामन्याभोवती रचलं आहे आणि जिंकलेल्या सामन्यांइतकीच जागा हरलेल्यांना दिली आहे. तिचं लग्न, तिचा राजकीय प्रवेश, प्रशिक्षक बदलण्यावरून रंगलेल्या चर्चा यांचा उल्लेख खेळाशी संबंध येतो तेवढाच आहे. ज्यांना त्यात जास्त रस असेल, त्यांची इथे निराशा होईल.

वाचकाला एक विनंती आहे. प्रकरण वाचण्याआधी त्या सामन्याचं चित्रण मिळालं तर जरूर बघा, आणि एकदा तरी नजर नेटच्या वर न ठेवता खाली ठेवा. निदान एक गेम फक्त पाय बघा. कुठल्या कोपऱ्यातून परतायला तिला उशीर होतोय, समोरची कधीपासून लंज टाळून नुसता हात पुढे करतेय, हे दिसू लागलं की गुणफलक बघायची गरज उरत नाही.

ही विनंती मी विशेषकरून पालकांना आणि प्रशिक्षकांना करतो आहे. सायनानंतर आपल्याकडे गावोगावच्या हॉलमध्ये कोर्टं भरली. पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक, कुठेही संध्याकाळी जा, आठ-दहा वर्षांच्या मुली घामाघूम होऊन कोपऱ्यांतली फुलं उचलताना दिसतात. सायनाकडून त्यांनी काय घ्यावं, याचं ठरलेलं उत्तर ‘मेहनत’ असं आहे आणि ते खोटं नाही. पण तिची अख्खी कारकीर्द समोर ठेवली, तर मेहनतीचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. पायांनी तिला जगात पहिल्या क्रमांकावर नेलं आणि पायांनीच तिला थांबवलं. वाढत्या वयात कोर्टावर किती तास घालवायचे, विश्रांती किती द्यायची, दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला ‘अजून दोन फेऱ्या’ सांगायचं की घरी पाठवायचं, हे प्रश्न पदकाइतकेच या कहाणीचे आहेत. सायनाच्या वेळी ते विचारायला फारसं कोणी नव्हतं, कारण तिच्या आधी इतकं लांब कोणी गेलंच नव्हतं. आता ती सबब कोणाला देता येणार नाही.